३५ लिटरचा द्रव नायट्रोजनचा क्रायोकॅन: यंत्र अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेतील वापरानंतरचा अनुभव

फोंडा तालुक्यातील आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र शाखेच्या शेवटच्या वर्षाला क्रायोजेनिक अभियांत्रिकी, म्हणजे अतिशीत तापमानांची अभियांत्रिकी, हा ऐच्छिक विषय आहे. इतकी वर्षे तो फळ्यावरच शिकवला जात होता. गेल्या उन्हाळ्यात विभागाने ३५ लिटरचा, अरुंद मानेचा, अ‍ॅल्युमिनिअमचा क्रायोकॅन, म्हणजे द्रव नायट्रोजन साठवण्याचे भांडे, विकत घेतला आणि तेव्हापासून भर उन्हाळा, सबंध पावसाळा आणि पाऊस ओसरल्यानंतरचे महिने तो माझ्या देखरेखीखाली प्रयोगशाळेत वापरात आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. साठवणुकीचे भांडे म्हणून तो उत्तम आहे आणि उष्णतावहन शिकवण्याचे साधन म्हणून त्याहूनही चांगला आहे; परंतु रोज द्रव काढून घेण्यासाठी तो गैरसोयीचा आहे, कारण तो त्या कामासाठी बनवलेलाच नाही.

या प्रकारची भांडी आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतात ती पशुवैद्यकीय दवाखान्यांत. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या गोठवलेल्या रेतमात्रा त्यांत ठेवतात, दिवसातून एखाद्या वेळी झाकण काढून एक नळी उचलतात आणि पुन्हा बंद करतात. त्यामुळे मान अरुंद, साधारण ५० मिलिमीटर व्यासाची, आणि उष्णता कमीत कमी आत यावी एवढाच आराखड्याचा हेतू असतो. द्रव सहज ओतता यावा हा हेतू त्यात कुठेच नसतो.

आतील आणि बाहेरील भांड्यांच्या मध्ये निर्वात पोकळी असते. सर जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये काचेच्या भांड्यात वापरलेले तत्त्व तेच आहे. फरक एवढाच, की आता त्या पोकळीत परावर्तक अ‍ॅल्युमिनिअमच्या पातळ पत्र्यांचे आणि त्यांना एकमेकांपासून अलग ठेवणाऱ्या कागदी थरांचे अनेक पदर गुंडाळलेले असतात. निर्वात पोकळीने वहन आणि अभिसरण थांबते, पण प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपाने येणारी उष्णता, थांबत नाही. खोलीचे तापमान ३०० केल्व्हिन धरले, तर काळ्या पृष्ठभागातून दर चौरस मीटरला सुमारे ४६० वॉट एवढी ऊर्जा बाहेर पडते. आमच्या आतील भांड्याचे क्षेत्रफळ ढोबळमानाने ०.६ चौरस मीटर आहे. मध्ये फक्त निर्वात पोकळी असती आणि दोन्ही पृष्ठभाग काळे असते, तर आत पावणेतीनशे वॉट उष्णता शिरली असती आणि पूर्ण भरलेले भांडे पाच-सहा तासांत रिकामे झाले असते. प्रत्यक्षात ते काही महिने टिकते. हे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः केल्यावर त्या चकचकीत थरांचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या भांड्याचा सर्वांत मोठा उपयोग मला इथे झाला. ते आम्ही एका तराजूवर कायमचे ठेवले आहे आणि रोज ठराविक वेळी वजन टिपले जाते. उत्पादकाच्या पत्रकात बाष्पीभवनाचा दर दिवसाला २०० मिलिलिटर दिला आहे. द्रव नायट्रोजनची घनता लिटरला ०.८०७ किलोग्रॅम आणि सुप्त उष्णता किलोग्रॅमला १९९ किलोज्यूल धरली, तर पत्रकातील दराचा अर्थ आत शिरणारी उष्णता ०.३७ वॉट एवढाच होतो. भांड्याला कोणी हात लावला नाही अशा सुट्टीच्या आठवड्यांत आमच्याकडे दिवसाला साधारण २०० ग्रॅम, म्हणजे २५० मिलिलिटर, घट मिळाली. ती उष्णतेच्या भाषेत ०.४६ वॉट होते. पत्रकापेक्षा हा आकडा पावपटीने जास्त आहे, आणि तरीही मी त्याला दोष देत नाही, कारण असे आकडे उत्पादक भांडे पूर्ण थंड आणि स्थिर झाल्यावर, न हलवता मोजतात. तिशी ओलांडलेल्या तापमानाच्या, वर्दळीच्या प्रयोगशाळेत अर्ध्या वॉटच्या आत राहणे ही चांगलीच कामगिरी आहे. प्रात्यक्षिकांच्या आठवड्यात मात्र हा हिशेब कोलमडतो. तेव्हा झाकण उघडणे, थंड न केलेले भांडे भरणे आणि ओतताना उडणारी वाफ यांतच बराचसा द्रव जातो, आणि खरेदीचा अंदाज बांधताना धरायचा तो याच आठवड्यांचा आकडा.

रोजच्या वजनाच्या नोंदीत पावसाळ्यात एक गंमत दिसली. खोलीचे तापमान तेच, भांड्याला कोणी स्पर्शही केलेला नाही, आणि तरी एखाद्या दिवशी घट नेहमीपेक्षा दहा टक्क्यांनी जास्त येई. विद्यार्थ्यांनी आधी तराजूवर संशय घेतला. नंतर एका विद्यार्थिनीने त्या तारखांशेजारी हवेचा दाब लिहून काढला, तेव्हा अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झालेले दिवस नेमके जुळले. बाहेरचा दाब दहा मिलिबारने उतरला, की नायट्रोजनचा उत्कलनबिंदू सुमारे ०.०८ अंशाने खाली येतो. जवळपास भरलेल्या भांड्यातील २८ किलोग्रॅम द्रवाला तेवढे थंड होण्यासाठी स्वतःचाच थोडा भाग उकळावा लागतो, आणि तो भाग वीस-पंचवीस ग्रॅम भरतो. संपृक्त दाब आणि तापमान यांचा संबंध वर्गात समीकरण म्हणून शिकवताना जो कंटाळा चेहऱ्यांवर दिसतो, तो त्या दिवशी दिसला नाही.

आपल्या हवेतील दमटपणा हा या भांड्याचा शत्रूही आहे आणि मित्रही. शत्रू अशासाठी, की जून-जुलैमध्ये झाकण उघडताच बाहेरची ओली हवा मानेत शिरते आणि आतल्या कडेला हिम साचू लागते. बुचाच्या फोमवर पाणी राहिले तर तेही गोठून बूच मानेला चिकटते. हिमाने मान बंद झाली तर आतल्या वाफेला वाट उरत नाही, आणि एक लिटर द्रवाचा खोलीच्या तापमानाला जवळपास ७०० लिटर वायू होतो हे लक्षात घेतले तर ती किरकोळ बाब ठरत नाही. बूच घट्ट बसत नाही अशी तक्रार मी इतर वापरकर्त्यांकडून ऐकली आहे. तो दोष नसून सोय आहे, कारण त्या फटीतूनच वाफ बाहेर जाते आणि जाता जाता मानेच्या नळीला थंड करून बाहेरून येणारी उष्णता परत नेते. वायू ७७ केल्व्हिनपासून, म्हणजे नायट्रोजनच्या उत्कलनबिंदूपासून, खोलीच्या तापमानापर्यंत तापताना जेवढी उष्णता घेतो, ती सुप्त उष्णतेपेक्षाही थोडी जास्तच असते. बुचाभोवती कापड किंवा चिकटपट्टी गुंडाळण्याचा मोह कोणालाही होऊ नये. आम्ही प्रत्येक वापरानंतर बूच पुसून कोरडे करतो आणि त्यावर प्लॅस्टिकचे सैल आच्छादन ठेवतो.

मित्र अशासाठी, की पावसाळ्यात हवेचा दवबिंदू तिच्या तापमानाच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे भांड्याच्या बाहेरील पत्र्याचा एखादा भाग अंशभराने जरी थंड झाला तरी तिथे लगेच घाम धरतो. द्रव ओतल्यानंतर मानेच्या कड्याभोवती दिसणारा ओलावा नेहमीचाच आहे आणि तो काही वेळात वाळतो. पोटावर मात्र ओल्या हवेत कायम ओला राहणारा पट्टा दिसला, तर निर्वात पोकळी बिघडू लागली असे समजावे. आमचे भांडे या परीक्षेत सबंध पावसाळाभर कोरडे राहिले, आणि त्याच्या बांधणीविषयीचा माझा विश्वास मुख्यतः या निरीक्षणावर आधारलेला आहे. सोबत आलेल्या चाकांच्या बैठकीविषयी असे म्हणता येत नाही. तिचे साधे लोखंडी नटबोल्ट पहिल्याच पावसात गंजले आणि दोन चाके अडकली. आम्ही ते बोल्ट स्टेनलेस स्टीलचे बसवून घेतले.

खोलीची निवड हा भांड्याच्या निवडीइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. सुरुवातीला ते तीन मीटर बाय चार मीटरच्या, तीन मीटर उंचीच्या वातानुकूलित खोलीत ठेवावे असा प्रस्ताव होता. अशा ३६ घनमीटर बंद खोलीत पाच लिटर द्रव सांडला, तर साडेतीन घनमीटर नायट्रोजन तयार होऊन प्राणवायूचे प्रमाण २०.९ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या खाली येते. पूर्ण भांडे रिकामे झाले तर ते ११ टक्क्यांच्या आसपास येईल, आणि तिथे माणूस कोणतीही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध पडू शकतो, कारण नायट्रोजनला वासही नसतो आणि त्याने गुदमरल्यासारखेही वाटत नाही. शेवटी भांडे व्हरांड्यालगतच्या, झरोके असलेल्या भागात ठेवले आणि १९.५ टक्क्यांवर वाजणारा प्राणवायू-मापक भिंतीवर लावला. पाऊस आत येतो म्हणून झरोके बंद करण्याची आपल्याकडची सवय मोडण्यासाठी बाहेरून पत्र्याची पडवी काढावी लागली. भांडे वरच्या मजल्यावर न्यायचे असेल तर ते उद्वाहनात एकटे पाठवले जाते, सोबत माणूस जात नाही. पावसाळ्यात चपला घालून येणाऱ्या मुलांना प्रात्यक्षिकाच्या दिवशी बंद बूट घालायला लावणे हे या सगळ्यात सर्वांत कठीण काम ठरले.

आता गैरसोयींविषयी. भरलेल्या भांड्याचे वजन ४० किलोग्रॅमच्या वर जाते, आणि ते तिरपे करून अरुंद मानेतून द्रव ओतणे दोन माणसांनाही अवघड पडते. द्रव गचके देत बाहेर येतो. आम्ही लांब दांड्याचे पळे वापरून पाहिले, परंतु पळा आत जाताना उष्णताही घेऊन जातो आणि प्रत्येक वेळी खळखळून वाफ उठते. पातळी मोजण्यासाठी भरीव लाकडी पट्टी उत्तम. ती काही सेकंद आत धरून बाहेर काढावी आणि हवेत हलवावी, म्हणजे द्रवात बुडालेल्या भागापर्यंत पांढऱ्या हिमाची स्पष्ट रेघ उमटते. पोकळ नळी मात्र कधीही आत घालू नये, कारण तिच्यातून द्रव कारंज्यासारखा वर उसळतो.

प्रयोगांत सर्वांत परिणामकारक ठरली ती चार्पी चाचणी, म्हणजे आघाताने तुटताना नमुना किती ऊर्जा घेतो हे मोजणारी चाचणी. माइल्ड स्टीलचे नमुने द्रवात उकळी शांत होईपर्यंत बुडवून, बाहेर काढल्यापासून पाच सेकंदांच्या आत तोडले. खोलीच्या तापमानाला तुटलेल्या नमुन्याचा पृष्ठभाग करडा आणि तंतुमय दिसतो. थंड नमुना जवळपास काहीच ऊर्जा न घेता तुटतो आणि त्याची तुटलेली बाजू दाणेदार, चमकदार असते. स्टेनलेस स्टील ३०४ मात्र त्याच तापमानालाही वाकते. क्रायोजेनिक टाक्या कशाच्या बनवतात हा प्रश्न परीक्षेत विचारण्याची गरज त्यानंतर उरली नाही. तांब्याच्या गोळ्यात थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) बसवून शीतकरणाचा आलेख काढण्याचा प्रयोगही चांगला होतो. गोळ्याभोवती आधी वाफेचे आवरण तयार होऊन तो सावकाश थंड होतो, मग ते आवरण फुटते, आवाज बदलतो आणि आलेख एकदम खाली कोसळतो. त्याच गोळ्याला व्हॅसलीनचा पातळ थर दिला की तो लवकर थंड होतो. उष्णतारोधक थर दिल्यावर वस्तू लवकर थंड व्हावी हे मुलांना पटत नाही, आणि या एका प्रश्नावर एक अख्खा तास जातो.

या भांड्याने विषयाचा निम्मा भागच समजतो, हेही स्पष्ट केले पाहिजे. द्रवीकरणाची चक्रे, व्युत्क्रमण तापमान (ज्याच्या खाली असतानाच वायू प्रसरणाने थंड होतो ते तापमान), हायड्रोजन आणि हेलियम आधी थंड केल्याशिवाय केवळ प्रसरणाने द्रव का होत नाहीत, हे सर्व अजूनही फळ्यावरच शिकवावे लागते. क्रायोजेनिक्स म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे ५ जानेवारी २०१४ रोजी स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्यासह यशस्वी झालेले इस्रोचे जीएसएलव्ही-डी५ हे रॉकेट येते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत इस्पितळांच्या आवारात दिसलेल्या द्रव प्राणवायूच्या टाक्या आणि त्यांच्याशेजारचे हिमाने माखलेले बाष्पक (द्रवाचा वायू करणारी उपकरणे) हेही याच विषयाचे आहेत, हे त्यांना नंतर लक्षात येते.

पुरवठ्याचा अनुभव मात्र संमिश्र आहे. औद्योगिक वसाहतीतील ज्या पुरवठादाराकडून आम्ही द्रव घेतो, तो सुरुवातीला टाकीतून सोडलेल्या लिटरांचे बिल लावत असे, आणि भरताना उडून गेलेला भागही आमच्याच खात्यावर पडत असे. आता भरण्याआधी आणि नंतर आमच्यासमोर वजन होते आणि त्या फरकावरच बिल निघते. बराच वाद घातल्यावर तो याला तयार झाला. भांडे पूर्ण रिकामे होऊ न देणे यातही बचत आहे. एक किलोग्रॅम अ‍ॅल्युमिनिअम खोलीच्या तापमानावरून ७७ केल्व्हिनपर्यंत आणण्यात, फक्त सुप्त उष्णता वापरली गेली तर, जवळपास एक लिटर द्रव खर्ची पडतो. तळाशी थोडा द्रव राहील अशा बेताने आम्ही पुढची फेरी ठरवतो, आणि वाहतूक नेहमी उघड्या हौद्याच्या वाहनातूनच करतो.

पुन्हा खरेदी करायची झाली तर साठवणुकीसाठी मी हेच भांडे घेईन, पण त्याच मागणीपत्रात द्रव काढण्याचा पंप किंवा रुंद तोंडाचे दहा लिटरचे दुसरे भांडे घालीन. रुंद तोंडाच्या भांड्यात द्रव फार काळ उघडा ठेवू नये, कारण हवेतील प्राणवायू ९० केल्व्हिनलाच द्रव होतो आणि हळूहळू त्यात मिसळत जातो. निविदेत भांड्याच्या अनुक्रमांकासह त्याच भांड्याच्या बाष्पीभवन चाचणीचा दाखला मागावा, सर्वसाधारण पत्रकावर समाधान मानू नये. निर्वात पोकळीची हमी किती वर्षांची आहे आणि ती ग्राह्य धरण्यासाठी दिवसाची घट किती झाली पाहिजे, हे दोन्ही आकडे लेखी घ्यावेत. आमच्या हमीपत्रात पहिला आकडा आहे, दुसरा नाही.