ऑर्ग-मोड: बारवांची टिपणं आणि तीन टिंबं

सहा वर्षं मी सातारा आणि पुणे जिल्ह्यांतल्या बारवांची, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींची, टिपणं ठेवते आहे. सगळी एकाच फाइलमध्ये, अकरा हजारांहून जास्त ओळी. पण सकाळी फाइल उघडली की समोर चौदाच ओळी येतात: तालुक्यांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे तीन टिंबं. बाकी सगळं त्या टिंबांत मिटलेलं असतं.

हे मिटवणं-उलगडणं करतो तो ऑर्ग-मोड. तो ईमॅक्स या संपादकाचा, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रामचा, भाग आहे. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने तो २००३ मध्ये सुरू केला. आता ईमॅक्स घेतलं की तो सोबतच येतो, मोफत. लिहिण्याची पद्धत अगदी साधी: एक तारा (*) आणि मोकळी जागा म्हणजे मथळा, दोन तारे म्हणजे त्याच्या पोटातला, तीन म्हणजे आणखी आत.

माझ्याकडे सातारा तालुका एका ताऱ्यावर आहे. त्याखाली दोन ताऱ्यांवर लिंब गावची बारामोटेची विहीर, आणि तिच्या पोटात चार मथळे: शिलालेख, मोजमापं, गावकऱ्यांनी सांगितलेलं, राहिलेलं. विहिरीच्या नावावर कर्सर ठेवून एकदा टॅब दाबलं की हे चार मथळे दिसतात, पुन्हा दाबलं की सगळा मजकूर उलगडतो, तिसऱ्यांदा मिटतो. शिफ्टसकट दाबलं की हेच पूर्ण फाइलला लागू होतं. शके १६४१ ते १६४६ हे बांधकामाचं साल तपासायचं असेल, तर मी फक्त शिलालेख उघडते. अष्टकोनाची मोजमापं तेव्हा डोळ्यांसमोर नकोच असतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती हलवाहलवीची सोय. एका बारवेला एकच वाट दिसली म्हणून मी तिला तिच्या तालुक्यातल्या नंदा, म्हणजे एका वाटेच्या, बारवांमध्ये ठेवलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात गाळ निघाला आणि दुसऱ्या बाजूच्या पायऱ्या उघड्या पडल्या. म्हणजे ती दोन वाटांची, भद्रा. मथळा मिटवला आणि आल्ट धरून खालचा बाण दाबत गेले. फोटोंचे दुवे, आजींनी बोट दाखवून सांगितलेली पावसाळ्यातल्या पाण्याची पायरी, सगळं त्या एका ओळीबरोबर खाली, त्याच तालुक्यातल्या भद्रांच्या रांगेत आलं. आधीच्या एका ॲपमध्ये असं काही करताना मला तुकडे कापून चिकटवावे लागत. ते ॲप बंद पडलं तेव्हा हाती आला तो क्रम हरवलेला मजकूर. ही फाइल साधी मजकुराची आहे, कुठल्याही संपादकात उघडते. तिथे मिटवता येईलच असं नाही, पण तारे वाचता येतात.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगते. मिटलेल्या मथळ्याच्या सुरुवातीला कंट्रोल-के दाबलं तर आतला सगळा मजकूरही त्या ओळीबरोबर जातो. पुसण्याआधी विचारून घेण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करा. आणि देवनागरीतले तक्ते सरळ दिसत नाहीत. आपली अक्षरं एकसारख्या रुंदीची नसतात, त्यामुळे उभ्या रेघा वाकड्या होतात. मोजमापांचे तक्ते म्हणून मी सोडून दिले आणि प्रत्येक माप वेगळ्या ओळीवर लिहायला लागले.

कीबोर्डच्या या कळा बोटांत बसायला मला दोन आठवडे लागले. टिपणं थोडी असतील तर एवढा खटाटोप करू नका. पण वर्षानुवर्षं एकाच विषयामागे असाल, तर जरूर करा.

आज सकाळी ‘राहिलेलं’ हा शब्द शोधून त्याचं स्पार्स ट्री, म्हणजे फक्त जुळणाऱ्या जागांचा आराखडा, काढलं. बाकी सगळं मिटलं, आणि तेवीस विहिरी आपापल्या तालुक्यांखाली उभ्या राहिल्या. त्यांतल्या पाच वाई तालुक्यातल्या आहेत. रविवारी तिकडे जाते.