घरच्या गाड्यांसाठी घेतलेली कुलपं आणि उपकरणं: काही महिन्यांनी काय टिकलं, काय अडगळीत गेलं

दारात दोन वाहनं उभी असतात. एक मोटारसायकल, आणि एक चावी खिशात असली की आपोआप उघडणारी, बटणावर चालू होणारी कार. दोन्हींसाठी गेल्या काही महिन्यांत एकेक करून बरंच सामान घेतलं. खोकं फोडल्या दिवशी सगळीच कुलपं भक्कम वाटतात, म्हणून तेव्हा काही लिहिलं नाही. आता कुठलं रोज वापरात आहे आणि कुठलं खुंटीवर लटकतंय ते कळलंय.

सुरुवात मोटारसायकलीपासून, कारण तिचा प्रश्न वेगळा आहे. ती चालू करायची चोराला गरजच नसते. दोन-तीन माणसं उचलून टेम्पोत टाकतात आणि निघून जातात. त्यामुळे हँडल लॉक, डिस्क लॉक (ब्रेकच्या चकतीत अडकवायचं कुलूप), इंधनपंपाच्या वायरीत बसवलेला छुपा स्विच हे सगळं गाडी चालवत नेणाऱ्यासाठी. उचलून नेणाऱ्याला त्याचा काही त्रास नाही. घरी, रात्रभर एकाच जागी उभ्या राहणाऱ्या दुचाकीला जमिनीशी बांधणं हाच खरा उपाय. मी काँक्रीटमध्ये बसवायची पोलादी कडी आणि १६ मिलिमीटरची साखळी घेतली.

कडी बसवताना जमीन काय आहे ते आधी पाहा. पेव्हर ब्लॉकमध्ये ती बसवण्यात अर्थ नाही, अख्खा ब्लॉकच उपटून येतो. सलग, जाड काँक्रीट हवं. बोल्ट आवळून झाल्यावर त्यांच्या डोक्यातल्या खाचेत छोट्या पोलादी गोळ्या ठोकून बसवायच्या असतात, म्हणजे नंतर कुणाला पाना लावता येत नाही. आमच्या मिस्त्रींनी त्या गोळ्या ‘जास्तीच्या आल्यात’ म्हणून पिशवीत ठेवल्या होत्या. माहितीपत्रक दाखवल्यावर ठोकल्या. बसवणाऱ्याच्या शेजारी उभं राहा, एवढंच सांगेन.

साखळीच्या जाडीत कंजुषी करू नका. बारीक साखळी मोठ्या कटरने हातानेच तुटते. चांगल्या पोलादाची १६ मिलिमीटरची साखळी हातकटरला सहसा झेपत नाही. अँगल ग्राइंडरपुढे मात्र काहीच कायमचं टिकत नाही. तो कापतोच, पण ठिणग्या उडतात आणि आवाज गल्लीभर जातो. आपण विकत घेतो ती ही मिनिटं आणि हा गोंगाट. साखळी मागच्या चाकातून आणि जमलं तर चॅसीतूनही ओवायची, कारण पुढचं चाक सोडवणं सोपं असतं. साखळी आणि कुलूप जमिनीला टेकता कामा नये. टेकलं की खाली फरशी आणि वर घण, असा आयताच ऐरण मिळतो. माझी साखळी सुरुवातीला लांब पडत होती. एक वेढा जास्त घेतला की अधांतरी राहते.

आता तक्रारी. वजन भयंकर आहे, मीटरमागे पाच किलोच्या आसपास. ती बरोबर नेण्याचा विचारही करू नका, ही घरीच राहणारी वस्तू. वरचं कापडी आवरण पावसात भिजलं की दोन दिवस वाळत नाही आणि आतल्या कड्यांवर गंज धरतो. कुलपाचं भोक खाली तोंड करून ठेवलं तर पाणी साचत नाही. तेलकट वंगण घातलं तर धूळ चिकटून चावी जड फिरते. कोरडं वंगण घालायला लागल्यापासून तक्रार नाही. एवढं असूनही साखळी रोज लागते, कारण कडी गाडी उभी राहते तिथेच आहे आणि वाकून एकदा ओवली की झालं. अलार्मवाल्या डिस्क लॉकचं तसं नाही. मांजर सीटवर चढलं तरी तो ठणाणा करतो, आणि शेजारच्या काकूंनी ‘अरे, तुझी ती शिट्टी बंद कर रे बाबा’ असं दोनदा सुनावल्यावर त्याची बॅटरी काढून ठेवली. आता तो नुसता लोखंडाचा तुकडा आहे. बाहेर कुठे तासभर थांबायचं असेल तर चालतो.

कारची गोष्ट उलटी. तिला कुणी उचलत नाही, तिला फसवतात. कारच्या दाराशी कमी वारंवारतेचा, साधारण १२५ किलोहर्ट्झचा संदेश निघतो. तो एक-दोन मीटरपर्यंतच पोचतो आणि चावी जवळ असली की ती ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. चोर दोघं येतात. एक कारपाशी, दुसरा घराच्या भिंतीपाशी अँटेना घेऊन. मधलं अंतर ते स्वतःच्या यंत्रांनी भरून काढतात, आणि टेबलावर पडलेली चावी समजते की कार शेजारीच आहे. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली आठ कंपन्यांची दहा मॉडेलं अशी तपासली, तेव्हा दहाच्या दहा उघडली आणि चालूही झाली. एकदा इंजिन सुरू झालं की चावी दूर गेली म्हणून ते सहसा बंद पडत नाही. धावत्या गाडीचं इंजिन अचानक थांबणं धोक्याचं, म्हणून ही रचना मुद्दाम तशी आहे.

यावर धातूच्या धाग्यांचं अस्तर असलेली पिशवी घेतली. चावी आत टाकली की लहरी अडतात. पहिले काही महिने उत्तम. मग एक दिवस पिशवीतली चावी खिशात घेऊन कारपाशी उभा राहिलो आणि दार उघडलं! रोज घडी पडून पडून अस्तर दुमडीच्या रेषेवर फाटतं. वरून काहीच दिसत नाही. पिशवी घेणार असाल तर महिन्यातून एकदा ही चाचणी कराच: चावी आत, तुम्ही दाराला खेटून, आणि हँडल ओढून पाहायचं. आता मी झाकणाचा धातूचा डबा वापरतो. तोही असाच तपासून घेतलाय, कारण झाकण सैल असेल तर डबा असून नसून सारखाच. कपाटात विसरलेली दुसरी चावीही त्यातच ठेवा. आणि हे सगळं घेण्याआधी गाडीचं माहितीपत्रक उघडा. काही चाव्या थोडा वेळ हलल्या नाहीत की आपणच झोपी जातात, काही गाड्यांत खिशातून उघडण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करता येते. तसं असेल तर पिशवीचा खर्च वाचला.

पिशवीने सगळं सुटतं असं मात्र नाही. २०२२ मध्ये लंडनमधल्या एका वाहन-सुरक्षा संशोधकाचीच टोयोटा राव४ चोरीला गेली. चोरांनी चावीला हातच लावला नव्हता. बंपर आणि हेडलाइटजवळचा भाग उचकटून ते गाडीच्या अंतर्गत तारांच्या जाळ्यात शिरले आणि ‘चावी खरी आहे’ असा खोटा संदेश त्यांनी आतूनच पाठवला. त्यासाठीचं यंत्र साध्या ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवून विकलं जात होतं. या प्रकाराचं तपशीलवार विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. ते वाचल्यावर स्टिअरिंगवर अडकवून कुलूप लावायचा, ते फिरू न देणारा लोखंडी दांडा घेतला.

हा दांडा लोकांना जुनाट वाटतो. पण अमेरिकेत इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या किया आणि ह्युंदाई गाड्या साध्या यूएसबी केबलच्या मदतीने पळवायची लाट आली, तेव्हा सॉफ्टवेअर दुरुस्तीबरोबर कंपन्यांनी पोलिसांमार्फत स्टिअरिंग लॉकच वाटले होते. दांड्याची कमजोरी माहीत असू द्या: तो स्वतः मजबूत असला तरी स्टिअरिंगचं कडं मऊ असतं, करवतीने कडं कापलं की दांडा निसटतो. अख्खं स्टिअरिंग झाकणारी थाळी जास्त चांगली, पण ठेवायला अवजड. मी दांड्यावर समाधानी आहे, कारण लॅपटॉप आणि अँटेना घेऊन आलेल्याकडे बहुधा करवत नसते, आणि पिवळा रंग काचेतून लांबूनच दिसतो. घरात मात्र यावरून कुरबुर होते. बायकोला सकाळी घाईत दांड्याची चावी सापडत नाही. शेवटी ती चावी कारच्या चावीच्या डब्यातच ठेवली, तेव्हापासून शांतता आहे.

जीपीएस ट्रॅकरबद्दल माझं मत थोडं थंड झालंय. तो चोरी थांबवत नाही, झाल्यावर सांगतो. सिग्नल अडवणारी यंत्रं चोरांकडे असू शकतात, तळघरात किंवा लोखंडी कंटेनरमध्ये तो मुका होतो, आणि कार काही आठवडे उभी राहिली तर मुख्य बॅटरी थोडी थोडी पीत राहतो. घ्यायचाच तर स्वतःची आतली बॅटरी असलेला घ्या, म्हणजे कुणी वायर तोडली तरी काही काळ बोलत राहील. ब्लूटूथ टॅग स्वस्त आणि चिमुकला, वर्षभर एका सेलवर चालतो, आसपासच्या लोकांच्या फोनच्या मदतीने जागा कळवतो. पण लोकांचा लपून पाठलाग होऊ नये म्हणून फोन आता ‘तुमच्यासोबत अनोळखी टॅग फिरतोय’ अशी सूचना देतात, आणि चोराचा फोनही देतोच. म्हणून टॅग हा एकटा नको, ट्रॅकरला जोड म्हणून ठेवा. आणि नकाशावर ठिपका दिसला तर तो पोलिसांना दाखवा, स्वतः आणायला जाऊ नका.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. रात्री त्याच्या इन्फ्रारेड दिव्याकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि जाळं हललं की मध्यरात्री फोन वाजतो. भिंग पुसणं हे दर आठवड्याचं काम होऊन बसलंय. नंबरप्लेट त्याच उजेडात पांढरीफेक दिसते. हालचालीवर लागणारा साधा बाहेरचा दिवा लावला तेव्हा चित्र सुधारलं. खरं सांगायचं तर दिवा आधी घ्यायला हवा आणि कॅमेरा नंतर.

भाड्याच्या घरात कडी ठोकता येत नसेल तर साखळी पक्क्या खांबाभोवती घ्या, तोही नसेल तर दोन दुचाकी एकमेकींना बांधा. दोन जोडलेल्या गाड्या टेम्पोत चढवणं जिकिरीचं. आणि जागा असेल तर मोटारसायकल भिंतीकडे आणि कार तिच्या पुढे आडवी, असं लावून बघा. यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. फक्त सकाळी आधी कुणाला निघायचंय ते रात्री विचारून घ्यावं लागतं.