तयार एफपीव्ही रेसिंग ड्रोन: वावरात आठ महिने उडवल्यावर

सोयाबीन निघून वावरं मोकळी झाली तेव्हापासून मे अखेरपर्यंत हा ५ इंची प्रॉपचा (पंख्यांचा) एफपीव्ही ड्रोन, म्हणजे गॉगलमध्ये त्याच्या कॅमेऱ्याचं चित्र बघत उडवायचा, वापरात आहे. कार्बनची फ्रेम, ५ मिमी जाडीचे आर्म (मोटरी बसतात त्या दांड्या), २२०७ आकाराच्या १९५० केव्ही (म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला इतके फेरे) मोटरी, एफ७ फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू), चारही मोटरींना वीज देणारा ५५ अँपिअरचा फोर-इन-वन ईएससी, अ‍ॅनालॉग व्हीटीएक्स (व्हिडिओ पाठवणारा भाग), हातातल्या रेडिओचे हुकूम घेणारा ईएलआरएस रिसीव्हर आणि ६एस (सहा सेलची) १३०० एमएएच बॅटरी. मत आधीच सांगतो: पार्ट उत्तम, जोडणी मध्यम. 'रेडी' या शब्दावर विसंबून पहिल्याच दिवशी बॅटरी लावली तर पैसे धुरात जातील.

९ फेब्रुवारी २०२२ पासून पूर्ण बांधलेले ड्रोन आयात करायला बंदी आहे, सुटे भाग मात्र आणता येतात. त्यामुळे इथे मिळणारा 'रेडी-बिल्ट' बहुधा इथेच कोणीतरी हातानं जोडलेला असतो. पार्टांची यादी वाचून त्याची पारख होत नाही, सोल्डरचे डाग पाहावे लागतात.

एक्सटी६० च्या (बॅटरीच्या कनेक्टरच्या) जाड तारांपासून सुरुवात करा. डाग गुळगुळीत आणि पॅडवर पसरलेला हवा. दाणेदार, उंच गोळा दिसला की तो थंड, म्हणजे नीट न धरलेला डाग समजा. तार बोटानं हलकेच हलवून बघा. आमच्या नगात काळी तार पॅडच्या कडेला नुसती टेकलेली होती. मग मल्टिमीटर लाल-काळ्यावर लावा. कॅपॅसिटर भरताना क्षणभर बीप येऊन थांबली तर ठीक, सलग वाजली तर शॉर्ट आहे. कॅपॅसिटर ३५ व्होल्ट, १००० मायक्रोफॅरडचा आणि आखूड पायांचा असावा, झिप टायनं फ्रेमला बांधलेला असावा. लोंबकळत ठेवला तर चार-दोन आपटण्यांत पाय तुटतो आणि ब्रेकिंगच्या वेळचे व्होल्टेजचे झटके थेट ईएससीवर जातात. व्हिडिओत आडव्या रेषा दिसू लागल्या की आधी तोच तपासा.

मोटरचे स्क्रू हा जास्त धोक्याचा भाग. ५ मिमी आर्मला ८ मिमीचा एम३ स्क्रू पुरतो. एका मोटरला १० मिमीचे निघाले, म्हणजे टोक वाइंडिंगला (मोटरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीला) टेकायला जागा. स्क्रूचं डोकं आणि त्या मोटरची तार यांत बीप आली तर ती मोटर चालवूच नका. योग्य लांबीचे स्क्रू निळं थ्रेडलॉक लावून घट्ट करा. प्रॉपच्या नायलॉक नटाला मात्र ते लागत नाही.

एवढं झाल्यावर व्हीटीएक्सला अँटेना लावलेला आहे ना पाहा आणि स्मोक स्टॉपरमधूनच (शॉर्ट असेल तर करंट अडवणाऱ्या जोडणीतूनच) पहिली बॅटरी जोडा. हे कळकळीनं सांगतोय, या छोट्या वस्तूनं कंट्रोलर आणि ईएससी दोन्ही वाचतात.

बीटाफ्लाइटमध्ये (कंट्रोलरची सेटिंग करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पहिलं काम सीएलआयमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, बदललेल्या सगळ्या सेटिंगची यादी देणारं 'डिफ ऑल' चालवून तो मजकूर फाइलमध्ये ठेवायचं. फर्मवेअर नवं करायची घाई नको, बांधणाऱ्यानं वायर वेगळ्या पॅडवर नेली असेल तर ती माहिती फक्त त्या मजकुरातच असते. ईएलआरएसची मुख्य आवृत्ती दोन्ही बाजूंना एक हवी. रिसीव्हर २ वर आणि रेडिओ ३ वर असला तर बाइंड होत नाही, म्हणजे जोडी जमत नाही, दिवा नुसता लुकलुकत राहतो. रेडिओ बंद ठेवून रिसीव्हरला वीज दिली की साधारण ६० सेकंदांनी तो वायफाय सुरू करतो आणि फोनवरून फर्मवेअर चढवता येतं. फाइल मात्र रेंज असलेल्या जागी आधीच उतरवून घ्या, आणि वीज बॅटरीवरून देत असाल तर व्हीटीएक्ससमोर पंखा लावा.

मोटरी चालू करायचा 'आर्म'चा स्विच (फ्रेमच्या आर्मशी याचा संबंध नाही) रेडिओच्या एयूएक्स१ चॅनेलवरच घ्या, ईएलआरएसला तो तिथेच लागतो. फेलसेफ, म्हणजे रेडिओचा संपर्क तुटल्यावर काय करायचं ते, 'ड्रॉप' (मोटरी बंद) ठेवा. प्रॉप काढून आर्म करा आणि रेडिओ बंद करा. दीड-दोन सेकंदांत मोटरी थांबल्या नाहीत तर त्या दिवशी उडवणं नाही. मोटरींची दिशा 'प्रॉप्स आउट' करून घ्या, धूळ-काडीकचरा कॅमेऱ्यापासून बाहेर फेकला जातो. दिशा बदलली की सेटिंगमधली खूणही बदला आणि प्रॉपही अदलाबदल करा, नाहीतर ड्रोन जागेवरच गरगर फिरून उलटतो. नवख्यांनी थ्रॉटल लिमिट 'स्केल' ७० ठेवावं, म्हणजे थ्रॉटल ७० टक्क्यांवर जात नाही.

ओएसडीवरच्या (गॉगलमधल्या चित्रावर दिसणाऱ्या आकड्यांतल्या) एमएएचवर लगेच भरवसा ठेवू नका. ओएसडीनं ११०० वापरले म्हटलं आणि चार्जरनं ९५० च भरले, तर जुना करंट स्केल (करंट मोजण्यासाठीचा सेटिंगमधला आकडा) ४०० असल्यास नवा ४०० × ११०० ÷ ९५० = ४६३. आम्ही सेलमागे ३.५ व्होल्टला उतरवतो; जोरात उडवलं तर तीन-साडेतीन मिनिटं मिळतात.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना हवा साधारण ९ टक्के विरळ असते, त्यामुळे प्रॉपची पकड कमी होते, वळणात ड्रोन बाहेर घसरतो आणि थ्रॉटल जास्त लागतो. बांधणाऱ्याचं पीआयडी ट्यून (ड्रोन स्थिर ठेवणारी सेटिंग) हिवाळ्यात छान चाललं, एप्रिलमध्ये मोटरी बोट ठेववत नाही इतक्या तापल्या. 'डॅम्पिंग'चा स्लायडर ०.८ वर आणला आणि कड दुमडलेले प्रॉप बदलले, मग तापणं आटोक्यात आलं. व्हीटीएक्समध्ये 'लो पॉवर डिसआर्म' चालू ठेवा. वारा नसताना जमिनीवर उभा ड्रोन चारशे मिलिवॅटवर भाजून निघतो. मे महिन्यात सकाळी आठच्या आत आटपावं. गाडीच्या डिक्कीत लायपो (ड्रोनची लिथियम बॅटरी) ठेवू नका, आणि गॉगलच्या भिंगांवर ऊन पडू देऊ नका; भिंगातून एकवटलेलं ऊन स्क्रीनवर कायमचा डाग पाडतं.

आपली काळी माती बेसाल्टची आणि तिच्यात चुंबकाला धरणारे कण असतात. ढेकळात एकदा आपटला की मोटरची बेल (बाहेरची फिरणारी वाटी) दोन बोटांत धरून फिरवा. चरचर लागली तर बेल उघडा: चुंबकांच्या कडेला काळे कण बारीक काट्यांसारखे उभे दिसतील. फुंकून ते निघत नाहीत. टेपची चिकट बाजू दाबून उचला, पाणी अजिबात नको. बेअरिंगला तेलाचा एकच थेंब. पहाटेच्या दवात पऱ्हाटीत पडलेला ड्रोन ईएससी जाळतो, म्हणून बोर्डांना कन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ लेप) द्याच; यूएसबी, कनेक्टर आणि बॅरोमीटर झाकून मगच.

तुरीत पडला तर चालत सुटू नका. पुरुषभर तुरीत दहा फुटांवरचं दिसत नाही. गॉगलच्या रेकॉर्डिंगमधली शेवटची फ्रेम बघा, धुऱ्यावरचं झाड किंवा डीपी ओळखा, मग स्विचनं बीपर वाजवत जा. बॅटरी निघून पडली असेल तर बीपरही मुका, म्हणून स्वतःची छोटी बॅटरी असलेला बीपर लावून घेणं इथे अत्यावश्यक.

लोडशेडिंगमध्ये चार्जिंग कसं करायचं याचं गणित सोपं आहे. एक बॅटरी सुमारे २९ वॉट-तास. चार्जरमधला तोटा धरून १२ व्होल्टवरून पावणेतीन-तीन अँपिअर-तास खाते. मोटरसायकलची ५ अँपिअर-तासाची बॅटरी एका चार्जिंगमध्ये अर्ध्याहून जास्त रिकामी होते, मग बटण स्टार्ट होत नाही. ट्रॅक्टरची ८० ची बॅटरी आठ बॅटऱ्या आरामात भरून देते. करंट १.३ अँपिअरच ठेवा, उतरवलेली बॅटरी आधी थंड होऊ द्या. दोन दिवसांत उडवायची नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. फुगण्याची पारख काचेवर: बॅटरी आडवी ठेवा, डुलली तर बाद.

नियमांत हा ड्रोन 'मायक्रो' गटात येतो, म्हणजे २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंत. छंदासाठी पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण यूआयएन (ड्रोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) नोंदणी लागते, आणि डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या झोनमध्ये आहे का तेही पाहायचं. हिरव्या झोनची मर्यादा बहुतेक ठिकाणी ४०० फूट. गॉगल लावणाऱ्याशेजारी उघड्या डोळ्यांनी आभाळ पाहणारा एक माणूस हवाच. ११ केव्हीची (विजेच्या लाइनची) तार कॅमेऱ्यात अगदी शेवटच्या क्षणी दिसते.

आठ महिन्यांत प्रॉपचे ३२ सेट, २ आर्म, १ मोटर आणि ३ व्हीटीएक्स अँटेना गेले. ड्रोनसोबतच प्रॉपचे १० सेट, एकेक आर्म आणि मोटर मागवा. तालुक्याच्या गावी यातलं काही मिळत नाही, आणि कुरिअर येईतो हरभऱ्याची पेरणी होऊन वावर बंद होतं.