प्येर्निक: महिनाभर मुरवायचा की एका दुपारीत उरकायचा?

पोलंडमध्ये नाताळाच्या टेबलावर येणारा मसाल्याचा केक म्हणजे प्येर्निक. घरी करताना त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला स्तारोपोल्स्की, म्हणजे जुन्या पोलिश पद्धतीचा: मधाचं घट्ट पीठ चार ते सहा आठवडे थंडीत मुरवायचं, मग थर भाजून आलुबुखाराच्या मुरंब्याने जोडायचे. दुसरा झटपट: साहित्य कालवून साच्यात ओतायचं आणि तासाभरात भाजून काढायचं. मसाले जवळपास तेच असले तरी हाती येणारे पदार्थ वेगळे असतात. एक दाट, ओलसर आणि चावून खायचा. दुसरा हलका, चहासोबतच्या केकसारखा. निवडताना चवीआधी कॅलेंडर बघा. 24 डिसेंबरला पानात हवा असेल तर मुरवायचं पीठ नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत भिजायला हवं. दोन आठवडे मुरलेलं पीठही भाजता येतं, पण चव अर्धीच उतरते. त्याहून कमी वेळ असेल तर सरळ झटपट करा.

मुरवायच्या पिठाचं पूर्ण माप: मध 500 ग्रॅम, साखर 400 ग्रॅम, बिनमिठाचं बटर 250 ग्रॅम, मैदा 1 किलो, अंडी 3, दूध 125 मिली, खाण्याचा सोडा 3 सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा चमचा, मसाला 50 ग्रॅम (त्याचं मिश्रण पुढे दिलं आहे). यातून साधारण अडीच किलो पीठ होतं. घरच्या ओटीजीला ते जास्तच आहे. सगळं निम्मं करा आणि 20 बाय 22 सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये तीन थर भाजा. दीड अंड्याच्या जागी दोन लहान अंडी चालतात.

मध, साखर आणि बटर मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत तापवा. उकळू देऊ नका. मग पातेलं पूर्ण गार होऊ द्या. घाई नडते ती इथे: मिश्रण गरम असेल तर अंडी शिजून गुठळ्या होतात आणि सोड्याचा जोर भांड्यातच संपतो. गार झाल्यावर मैदा, मसाला, मीठ, अंडी आणि थंड दुधात विरघळवलेला सोडा घालून एकजीव करा. पीठ सैल आणि चिकट दिसेल. ते बघून हात मैद्याच्या डब्याकडे जातोच, तो आवरा. थंडीत मध आणि बटर घट्ट होतात आणि तेच पीठ लाटण्याजोगं होतं. जास्तीच्या मैद्याने थर विटेसारखे कडक होतात आणि नंतर मऊ होत नाहीत.

पोलंडमध्ये हे पीठ चिनीमातीच्या भांड्यात, फडकं बांधून थंड कोठीत ठेवतात. पुण्या-मुंबईच्या हवेत त्याला फ्रीजशिवाय पर्याय नाही, तोही 4-5 अंशांचा, कारण पिठात कच्ची अंडी आहेत. भांडं काचेचं किंवा चिनीमातीचं, कोरडं, झाकण सैल. ओला चमचा लागला की बुरशी आलीच. ती दिसली तर वरवर खरवडून भागत नाही, सगळं पीठ टाकून द्यायचं. पीठ चाखूही नका.

एवढा वेळ कशासाठी? पिठात पाणी फार कमी असतं, त्यामुळे मैद्याला ते सावकाश शोषावं लागतं. मैद्यातली एन्झाइम्स थोड्या स्टार्चची साखर करतात, म्हणून भाजताना रंग गडद येतो. लवंग-सुंठेचा तिखटपणा मधात मुरून बोथट होतो.

भाजण्याच्या दिवशी पीठ दीड-दोन तास आधी बाहेर काढा. बटर पेपरवरच पाऊण सेंटिमीटर जाड लाटा आणि 170 अंशांवर 15 ते 20 मिनिटं भाजा. थर ट्रेमध्ये मऊ वाटतो तेव्हाच काढायचा. मधामुळे तळ भराभर करपतो, म्हणून 180च्या वर जाऊ नका. गार झाल्यावर थर कडक होतात आणि नवखा माणूस इथेच हबकतो. पण काम संपलेलं नसतं. दोन थरांमध्ये पोविदवा लावायची. ती म्हणजे आलुबुखार तासन्‌तास आटवून केलेला दाट मुरंबा, बहुधा बिनसाखरेचा. आपल्याकडे बिया काढलेले सुके आलुबुखार 250 ग्रॅम, 200 मिली पाण्यात 20-25 मिनिटं शिजवून घोटले की निम्म्या मापाला पुरतात. चमचा फिरवल्यावर मागे रेघ राहिली पाहिजे. बाजारचा पातळ जॅम वापरला तर थर घसरतात आणि कडा चिकट होतात. रचलेला केक कागदात गुंडाळून वर पाट किंवा दोन पुस्तकं ठेवा. तीन-चार दिवसांत मुरंब्यातला ओलावा थर ओढून घेतात आणि सुरी सहज उतरते. मग वरून डार्क चॉकलेट.

झटपट प्रकारात हे काहीच नाही. मैदा 300 ग्रॅम, साखर 150 ग्रॅम, कोको 2 मोठे चमचे, मसाला 15 ग्रॅम, सोडा 1 चहाचा चमचा आणि तेवढीच बेकिंग पावडर एकत्र चाळा. दुसऱ्या भांड्यात 2 अंडी, 125 मिली तेल, 3 मोठे चमचे मध आणि 250 मिली केफिर (आंबवलेलं दूध) फेटा. केफिरऐवजी जाडसर ताक उत्तम चालतं. दोन्ही एकत्र करून फक्त कोरडा मैदा दिसेनासा होईपर्यंत हलवा, जास्त घोटलं की केक चिवट होतो. 30 सेंटिमीटरच्या लांबट साच्यात 170 अंशांवर 50-55 मिनिटं. पहिली 35 मिनिटं दार उघडू नका, मध्ये खड्डा पडतो. सोडा सढळ हाताने घातला तर साबणासारखी चव येते, आणि ती कुठल्याच मसाल्याने झाकली जात नाही.

मसाल्यासाठी दुकानातलं पाकीट शोधत बसू नका. 50 ग्रॅमसाठी दालचिनी 20, सुंठ 8, लवंग 6, वेलची 5, जायफळ 4, धने 4, मिरे 3 ग्रॅम. सगळं ताजं कुटून बारीक चाळलेलं. लवंग वाढवलीत तर बाकीचे मसाले गप्प होतात. पोलिश मिश्रणात बरेचदा ऑलस्पाइसही (मिऱ्यासारखं दिसणारं सुकं फळ) असतो. त्याच्या जागी कबाबचिनी घालू नका, ते वेगळंच फळ आहे.

टिकण्याच्या बाबतीत स्पर्धाच नाही. मुरवलेला केक कागदात, थंड जागी तीन आठवडे राहतो आणि दुसऱ्या आठवड्यात जास्त छान लागतो. झटपट केक मुंबईच्या दमटपणात दोन दिवस, मग फ्रीज.

खर्चात खरा फरक मधाचा. निम्म्या मापालाही लागणारा पाव किलो चांगला मध हाताशी नसेल, तर मुरवायचं पीठ साखरेच्या पाकावर करू नका. मधाचा आम्लपणा नसला की सोड्याला काम करायला फारसं काही मिळत नाही आणि महिनाभर थांबून हाती गोड पाव येतो. तेवढ्या तीन चमच्यांचा झटपट केक त्यापेक्षा कितीतरी बरा. घरात लहान मुलं असतील तरी तोच करा. त्यांना दाट, तिखटसर थर फारसे रुचत नाहीत. पण डब्यात भरून दूर कुरियरने पाठवायचा असेल, तर मुरवलेलाच घ्या, चॉकलेटचा थर मात्र वगळून.