फोटोग्राफीची बातमी आणि शिकवणी: फुकट मिळणाऱ्या सेवांची झडती

डिजिटल फोटोग्राफीवर वाचायला-बघायला भरपूर आहे. तुटवडा आहे तो पडताळून पाहता येईल अशा माहितीचा. म्हणून इथल्या सगळ्या सेवांना कसोटी एकच लावली आहे: जे सांगितलंय ते आपल्याला स्वतः तपासता येतं का? रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) देतात का, आकडा कसा काढला ते सांगतात का, की ‘रंग अप्रतिम, फोकस भन्नाट’ म्हणून मोकळे होतात?

या कसोटीवर कॅमेऱ्यांची परीक्षणं करणारी डीपीरिव्ह्यू अजूनही सगळ्यांच्या पुढे आहे. १९९८ साली फिल अ‍ॅस्की यांनी ही साइट सुरू केली, २००७ मध्ये ती अ‍ॅमेझॉनकडे गेली, मार्च २०२३ मध्ये ‘आता बंद’ असं जाहीर झालं आणि जूनमध्ये गिअर पॅट्रोल या प्रकाशन कंपनीनं ती विकत घेऊन चालू ठेवली. या उलथापालथीत व्हिडिओ करणारी ख्रिस निकोल्स आणि जॉर्डन ड्रेक ही जोडी पेटापिक्सेल या फोटोग्राफीच्या बातम्यांच्या साइटकडे गेली, त्यामुळे व्हिडिओ परीक्षणं बघायची तर तिकडेच. डीपीरिव्ह्यूचा खरा ठेवा मात्र जागेवरच आहे: स्टुडिओतल्या ठरलेल्या मांडणीचे, वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो. बारीक छापील अक्षरं, पिसं, रंगांचे चौकोन, चेहरे, सगळं त्यात आहे. चार चौकटींत चार कॅमेरे निवडायचे आणि हवा तो कोपरा मोठा करून बघायचा.

नवखी माणसं इथे हमखास दोन ठिकाणी फसतात. पहिलं म्हणजे जेपेगवरूनच निकाल लावतात. जेपेगमध्ये कॅमेऱ्यानं आधीच नॉइज (फोटोतले नको असलेले दाणे) पुसलेला असतो आणि कडा धारदार केलेल्या असतात, म्हणजे तुम्ही सेन्सरची नव्हे, कंपनीच्या आवडीनिवडीची तुलना करत असता. तेव्हा आधी रॉ निवडा. दुसरी चूक आकाराची. २४ मेगापिक्सेल आणि ६१ मेगापिक्सेलचे फोटो शंभर टक्क्यांवर शेजारी ठेवले की ६१ वाला जास्त दाणेदार दिसणारच, कारण तो जास्त मोठा करून दाखवला जातोय. ‘कॉम्प’ हा आकार निवडला की दोन्ही फोटो सारख्या मापाला येतात आणि बऱ्याचदा नॉइजमधला फरक जवळजवळ नाहीसा होतो. मग प्रकाश ‘लो लाइट’वर टाका, आयएसओ (तोच प्रकाश कॅमेरा किती उजळ दाखवतो, त्याचा आकडा) ६४०० करा आणि उजेडातल्या भागाऐवजी सावलीतल्या भागात चौकट न्या. सेन्सरचं खरं रूप सावलीत कळतं. कोपऱ्यातल्या मऊपणावरून कॅमेऱ्याला मात्र बोल लावू नका, तो बहुतेकदा लेन्सचा असतो.

याच पानावरून रॉ फाइल उतरवून घेता येते, आणि निम्मं शिक्षण तिथेच आहे. घ्यायचा विचार असलेल्या कॅमेऱ्याची फाइल आपल्याच संगणकावर, आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. ती उघडतच नसेल, किंवा उघडताना संगणक धापा टाकत असेल, तर तेही विकत घेण्याआधीच कळलेलं बरं.

नवीन कॅमेरा जाहीर होतो त्या दिवशी सगळीकडे एकाच तासाला परीक्षणं येतात. कंपनीनं मजकूर कधी प्रसिद्ध करायचा याची वेळ बांधून दिलेली असते, म्हणून असं होतं. अशा लेखात दोन गोष्टी बघाव्यात. ‘प्री-प्रॉडक्शन’ (विक्रीआधीचा नमुना) लिहिलेलं असेल तर फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर, अंतिम नाही, म्हणजे फोकसबद्दलचं मत कच्चं धरायचं. आणि नमुना फोटो फक्त जेपेगमध्ये असतील, तर बहुधा त्या मॉडेलची रॉ फाइल उघडण्याची सोय सॉफ्टवेअरवाल्यांनी अजून केलेली नसते. अशा वेळी सावल्या किती उचलता येतात यावर कोणी छातीठोक लिहिलं असेल तर ते सोडून द्यावं. व्हिडिओत दाखवलेल्या नॉइजचंही तसंच. पाठवताना व्हिडिओ इतका दाबला जातो की बारीक दाणे त्यातच जिरतात.

आकड्यांसाठी बिल क्लाफ यांची ‘फोटॉन्स टू फोटोज’ ही साइट. दिसायला रूक्ष, सुरुवातीला बुजवणारी, पण तोडीस तोड दुसरी सापडणं कठीण. वापराचा आलेख मुख्यतः एकच: आडव्या अक्षावर आयएसओ, उभ्या अक्षावर डायनॅमिक रेंज, म्हणजे एकाच फोटोत गडद सावलीपासून उजळ भागापर्यंत किती टिपता येतं. रेघ साधारणपणे उतरत जाते, मात्र काही कॅमेऱ्यांत ती मध्येच एकदा वर उडी मारते. सोनी ए७ थ्रीमध्ये ही उडी आयएसओ ६४० ला आहे. तिथे सेन्सरच्या पिक्सेलमधलं दुसरं, जास्त वर्धन देणारं सर्किट चालू होतं आणि सेन्सरवरून सिग्नल वाचताना येणारा नॉइज खाली येतो. म्हणून या कॅमेऱ्यावर अंधुक प्रकाशात ४०० किंवा ५०० वर अडून बसण्यात अर्थ नाही, सरळ ६४० करावा. हा आलेख बघून आपल्या कॅमेऱ्याची उडी कुठे आहे ते एकदा टिपून ठेवलं की पुरे. आलेखावरच्या बिंदूंचे आकारही बघा: टोक खाली असलेला त्रिकोण म्हणजे रॉमध्येच नॉइज कमी केल्याची खूण. तो आकडा दिसतो तितका निखळ नसतो.

बातमी आणि मोजमाप शेजारी ठेवून वाचण्याचं चांगलं उदाहरण म्हणजे नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेला सोनी ए९ थ्री, ग्लोबल शटर (ओळीओळीनं नव्हे, सगळा सेन्सर एकाच क्षणी टिपणारं) असलेला पहिला फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा. बातम्यांचा भर १/८०००० सेकंदाच्या शटरवर आणि तेवढ्या वेगालाही फ्लॅश जुळतो यावर होता. दोन्ही खरंच. पण मूळ आयएसओ २५० आहे आणि मोजलेली डायनॅमिक रेंज पारंपरिक शटरच्या समकालीन कॅमेऱ्यांपेक्षा कमी, ही बाब मथळ्यात आली नाही. खेळ टिपणाऱ्याला त्यानं फारसं बिघडत नाही. सूर्योदयाच्या आकाशाखालचा काळोखा डोंगर उजळवणाऱ्याला बिघडतं.

हे सगळं आपल्या कॅमेऱ्यावर ताडून बघायला डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. कॅमेरा तिकाटण्यावर, मॅन्युअल मोड, रॉ, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/५.६ आणि शटर १/५० सेकंद. पहिला फोटो आयएसओ १६०० ला, दुसरा शटर आणि अ‍ॅपर्चर तेच ठेवून आयएसओ १०० ला. दुसरा जवळजवळ काळा येईल. डार्कटेबलमध्ये दोन्हींवरचा नॉइज काढणारा भाग बंद करा आणि दुसऱ्याचं एक्स्पोजर पहिल्यापेक्षा बरोबर ४ स्टॉपनं वाढवा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). सावल्या सारख्याच दिसल्या तर तुमचा कॅमेरा या टप्प्यात आयएसओ-निरपेक्ष आहे, म्हणजे उजळ भाग जळण्याची भीती असेल तेव्हा आयएसओ खाली ठेवून नंतर उजळवता येईल. उचललेल्या फोटोत पट्टे किंवा जांभळट झाक दिसली, तर कॅमेऱ्यातच आयएसओ वाढवणं शहाणपणाचं. मधल्याच आयएसओला वर सांगितलेली उडी असेल तर उचललेला फोटो थोडा मागे पडतो, ते गृहीत धरावं.

यात चुकतं कुठे? ऑटो आयएसओ चालूच राहतो. कॅमेऱ्यातलं ‘अ‍ॅक्टिव्ह डी-लाइटिंग’ किंवा ‘हायलाइट टोन प्रायॉरिटी’ ही उजळ भाग सांभाळणारी सोय चालू राहते आणि आकडे गुपचूप सरकवते. शिवाय डार्कटेबल फाइल उघडतानाच थोडं एक्स्पोजर स्वतःहून वाढवून ठेवतं, त्यामुळे शून्यापासून न मोजता दोन्ही फोटोंतला फरक ४ आहे का ते बघायचं. स्लायडर तेवढा सरकला नाही तर त्यावर राइट-क्लिक करून आकडा टाइप करा.

‘हे असं का होतं’ ज्याला समजून घ्यायचंय त्यानं मार्क लेव्हॉय यांची व्याख्यानं घ्यावीत. स्टॅनफर्डचे हे प्राध्यापक पुढे गूगलमध्ये गेले, पिक्सेल फोनच्या कॅमेऱ्यामागचं एचडीआर प्लस (अनेक फोटो जोडून एक करणं) आणि नाइट साइट (अंधारातले फोटो) त्यांच्याच गटाचं काम. २०१६ मध्ये गूगलच्या कर्मचाऱ्यांसमोर दिलेली १८ व्याख्यानं मोफत खुली आहेत. गणित टाळलेलं नाही, तरी शाळेतल्या भूमितीवर भागतं. क्रमानं बघायला सुरुवात केली तर बरेच जण प्रकाशशास्त्राच्या भागातच गळतात. त्यांनी नॉइजचं व्याख्यान आधी बघावं, म्हणजे वरच्या आलेखांचा अर्थ लागतो आणि मागे जाऊन लेन्सचं समजून घ्यायची गरज आपोआप वाटते. मिररलेसचे आजचे फोकस प्रकार त्यात भेटणार नाहीत.

तेवढा वेळ नसेल तर केंब्रिज इन कलरचे लिखित पाठ. डेप्थ ऑफ फील्ड, हिस्टोग्राम, रंगांचं व्यवस्थापन, प्रत्येक विषय एका बैठकीत वाचून होतो. त्यातला डिफ्रॅक्शनचा (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरण्याचा) पाठ सर्वांत कामाचा. एफ/१६ ला प्रकाशाच्या एका बिंदूचा ठिपका सेन्सरवर साधारण २१ मायक्रॉन व्यासाचा पडतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरचा पिक्सेल ६ मायक्रॉनच्या आसपास, तर ६१ मेगापिक्सेलचा ३.८. म्हणजे ‘सगळं शार्प यावं’ म्हणून एफ/१६ किंवा एफ/२२ लावणारा माणूस विकत घेतलेले मेगापिक्सेल स्वतःच्या हातानं वाया घालवत असतो. या पाठात पिक्सेलच्या जाळीवर तो ठिपका ठेवून दाखवला आहे आणि अ‍ॅपर्चर बदलला की फुगताना दिसतो. उदाहरणांतले कॅमेरे डीएसएलआरच्या जमान्यातले आहेत. त्यानं काही अडत नाही.

फ्लॅशसाठी डेव्हिड हॉबी यांच्या स्ट्रोबिस्टवरची ‘लायटिंग १०१’ ही मालिका. एक फ्लॅश, एक स्टँड, एक छत्री आणि सगळं मॅन्युअल, एवढ्यावर ती उभी आहे, आणि तेच तिचं बळ. ऑटो फ्लॅश दर वेळी वेगळा निर्णय घेतो, त्यामुळे काय बदललं आणि काय झालं याचा मेळ लागत नाही. मॅन्युअलमध्ये छत्री १ मीटरवरून २ मीटरवर नेली की प्रकाश २ स्टॉप पडतो, मग पॉवर १/१६ वरून १/४ करायची, हिशेब चुकता. शटर सिंक स्पीडच्या (फ्लॅश जुळतो त्या कमाल वेगाच्या), म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेलं की फोटोत काळी पट्टी येते. नवशिक्यांना ती फ्लॅशची खराबी वाटते. मालिकेतली सामानाची पानं जुनी झाली आहेत, ती वगळून थेट प्रकाशाच्या पाठांवर जावं.

म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा ‘सीइंग थ्रू फोटोग्राफ्स’ हा कोर्सेरावरचा अभ्यासक्रम वेगळ्याच जातीचा. शटर-अ‍ॅपर्चर शिकायला गेलात तर निराश व्हाल. फोटो कसा वाचायचा, एवढंच तिथे आहे, आणि ते नेटकं आहे.

राहिली रोजची बातमी. पेटापिक्सेल चपळ आहे, पण दिवसभरात इतकं येतं की मुद्द्याचं हुडकावं लागतं, आणि जवळपास सगळ्याच साइट्सचा खर्च खरेदीच्या लिंकवर निघतो हे ‘सर्वोत्तम दहा’ वाचताना विसरू नये. धंद्याची खरी नाडी बघायची तर जपानच्या सिपा या कॅमेरा उत्पादक संघटनेचे दरमहाचे तक्ते मोफत मिळतात. २०१० मध्ये सुमारे १२ कोटी १५ लाख डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, २०२३ मध्ये सुमारे ७७ लाख. स्वस्त कॉम्पॅक्ट का दिसेनासे झाले, याला वेगळा लेख लागत नाही.

नव्या मॉडेलपेक्षा फर्मवेअरच्या बातम्यांवर लक्ष ठेवणं जास्त फायद्याचं. निकॉन झेड९ ला जून २०२३ च्या ४.०० आवृत्तीत ऑटो कॅप्चर मिळालं, म्हणजे ठरवलेल्या हालचालीवर कॅमेरा स्वतःच फोटो काढतो. हा बदल ज्यांच्याकडे कॅमेरा आधीपासून होता त्यांना फुकट मिळाला. फाइल मात्र कंपनीच्या साइटवरूनच घ्यावी. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेलं हवं आणि फाइल कुठल्याही फोल्डरमध्ये न टाकता कार्डावर सगळ्यात बाहेर ठेवायची. फोल्डरमध्ये गेली तर बहुतेक कॅमेऱ्यांना ती दिसतच नाही. नवी आवृत्ती आली त्याच संध्याकाळी घाई नको. आठवडाभर थांबा, कारण बिघडलेली आवृत्ती कंपनीनं मागे घेतल्याची बातमी बहुतेकदा तेवढ्यात येते आणि काही कॅमेऱ्यांवर जुनी आवृत्ती परत टाकता येत नाही.