खोक्याविना आलेल्या टाइल्स: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

दुसऱ्यांच्या कामातून उरलेल्या दोन प्रकारच्या टाइल्स मिळाल्या होत्या. खोकी नव्हती आणि पाठीमागे काही छापलेलंही नव्हतं. क्रीम रंगाची मॅट ८ मिमी जाड होती, करडी ९ मिमी. ८ मिमी आहे म्हणजे जमिनीला चालेल, असं मी धरून चालले आणि क्रीम टाइल स्वयंपाकघराच्या जमिनीला लावून घेतली. करडी बाथरूममध्ये गेली. चांगल्या वस्तू वाया जाऊ नयेत, एवढाच हेतू होता.

चौथ्या महिन्यात सिंकसमोर एक निस्तेज पट्टा दिसायला लागला. मी तो मळ समजून घासत राहिले. शेवटी संध्याकाळच्या तिरप्या उजेडात पाहिलं तेव्हा कळलं, तिथलं ग्लेझच, म्हणजे टाइलवरचं काचेसारखं आवरणच, झिजलंय. चपलांबरोबर येणारी बारीक वाळू हे काम करते. वाळूतलं क्वार्ट्झ बऱ्याच ग्लेझपेक्षा कठीण असतं. मग एक दिवस हातातून कुकरचं झाकण निसटलं आणि टाइलचा टवका उडाला. आतली माती खडूसारखी होती. तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला, तो बघता बघता आत जिरला.

त्या दिवसापासून मी वजनकाट्याचा नाद धरलाय. पूर्ण सुकलेली टाइल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची, वजन लिहायचं. मग चोवीस तास पाण्यात बुडवायची, वरचं पाणी फडक्याने टिपायचं आणि पुन्हा मोजायची. उरलेली क्रीम टाइल १,२८० ग्रॅमची १,४७२ झाली, म्हणजे १५ टक्के पाणी प्यायली. करडी १,९०४ वरून १,९१० वर गेली, ०.३ टक्के. आयएसओ १३००६ या टाइल्सच्या आंतरराष्ट्रीय मानकात १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषणाऱ्या दाबून बनवलेल्या टाइल्सचा गट वेगळा आहे, आणि भिंतीच्या टाइल्स बहुतेक त्यातच मोडतात. ०.५ टक्के किंवा त्याहून कमी शोषण असेल तर पोर्सिलेन किंवा व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारखी घट्ट झालेली टाइल. प्रयोगशाळेत पाणी जास्त खोलवर घुसवतात, त्यामुळे घरचा आकडा थोडा कमी येतो. पण १५ आणि ०.३ यांत गल्लत व्हायचं कारणच नाही. लावण्याआधी एकच टाइल भिजवली असती तर अख्खी खोली वाचली असती, ही रुखरुख अजून जात नाही.

सहाव्या महिन्यापर्यंत मी ज्याला त्याला सांगत होते, भिजवून बघा, बाकी काही बघायची गरज नाही. तेही चूक निघालं. परीक्षेत अव्वल आलेली करडी टाइल बाथरूममध्ये ओली झाली की पाय सरकवते. पाणी कमी पिते म्हणजे पकडही चांगली असेल, असं नसतं. त्यासाठी ओल्या टाइलवर अनवाणी पाऊल घासूनच बघावं लागतं. ग्लेझ किती टिकेल, हाही तिसराच प्रश्न. त्याचा पीईआय दर्जा, म्हणजे झीज सोसण्याचा क्रमांक, ० ते ५ असा असतो आणि तो खोक्यावर किंवा माहितीपत्रकात मिळतो. तेच नव्हतं! म्हणून लपणाऱ्या कोपऱ्यावर ओली वाळू जोराने घासून बघते. ही अचूक चाचणी नव्हे, पण अगदी नाजूक ग्लेझ असेल तर लगेच ओरखडे उठतात.

ज्या एका टाइलला मधोमध तडा गेला, तिचा दोष मात्र मी टाइलला देत नाही. बोटाने ठोकलं तर ती पोकळ वाजत होती. खाली सिमेंटचा मसाला नीट भरलाच नव्हता. कमी ताकदीच्या टाइलला अशी पोकळी सोसत नाही.

आता सिंकसमोरच्या सात टाइल्स काढल्यात. उरलेल्या क्रीम टाइल्स ओट्यामागच्या भिंतीवर लावल्या, तिथे त्या अजून नव्यासारख्या आहेत. करडीही भिंतीवर चालली असती, पण ती जड आहे आणि पाणी शोषत नसल्याने नुसत्या सिमेंटला नीट धरत नाही, तिला पॉलिमरचं अ‍ॅडेसिव्ह लागतं. बाथरूममध्ये सध्या रबरी मॅट टाकलीय.