‘बसली ना? मग झालं!’ : सहा सिलिंडरच्या नोव्हाला विकलेली व्ही-एटची प्लेट

ओहायोत राहणाऱ्या किंवा एकूणच अमेरिकेत जुन्या गाडीच्या नादाला लागलेल्या मराठी मंडळींसाठी लिहितोय. माझे साडेसहाशे डॉलर आणि पाच शनिवार-रविवार गेले. तुमचे जाऊ नयेत.

गाडी १९७४ ची शेव्हरोले नोव्हा. इंजिन २५० क्युबिक इंचांचं, म्हणजे ४.१ लिटर, सहा सिलिंडर एका ओळीत. मागे टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. या गाडीत बहुतेकांना व्ही-एट, म्हणजे V आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरचं इंजिन, हवं असतं, त्यामुळे सहावाली तुलनेनं स्वस्तात मिळते. मलाही तशीच मिळाली. घेतल्यावर चार महिन्यांत इंजिनाच्या मागच्या अंगाला टक-टक सुरू झाली. एका मेकॅनिकनं ऐकूनच सांगितलं, बेअरिंग गेलं, इंजिन खोला. मी घरी येऊन गिअरबॉक्सखालचं पातळ पत्र्याचं झाकण काढलं, टॉर्च मारली आणि दिसलं की फ्लेक्सप्लेटला क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, बोल्टांभोवती तडा गेलाय. तडकलेली फ्लेक्सप्लेट हुबेहूब बेअरिंगसारखी वाजते. तेव्हा स्वतःवर फार खूश झालो होतो. पुढे जे झालं त्याला ती खुशीही थोडी कारणीभूत आहे.

ज्यांनी फ्लेक्सप्लेट पाहिली नसेल त्यांच्यासाठी: क्लचच्या गाडीत जाड फ्लायव्हील असतं, त्याच जागी ऑटोमॅटिकमध्ये तव्यासारखी पातळ चकती असते. मधल्या सहा बोल्टांनी ती क्रँकला घट्ट बसते, बाहेरच्या तीन बोल्टांनी टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा डबा) धरते आणि कडेच्या दात्यांत स्टार्टर अडकतो. नवी घेतली तरी फार महाग नाही. पण ती बदलायला पन्नास-साठ किलोचा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे खरी किंमत प्लेटची नसून मेहनतीची असते. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

आमच्या घरापासून तासाभरावर एक जण जुने पार्ट विकतो. मोठी शेड, फळ्यांवर खोकी, खोक्यांवर जाड मार्करनं लिहिलेलं. माणूस गोड बोलणारा. कॉफी पाजली, भारतात कोणत्या गाड्या होत्या ते विचारलं, ॲम्बॅसडरचं नाव त्याला माहीत होतं. मी जुनी तडकलेली प्लेट सोबत नेली होती. तिचे दाते खडूनं खूण करून मोजले होते: १६८. हे महत्त्वाचं असतं, कारण याच इंजिनांवर १५३ दातांची लहान प्लेटही येते. लहानीला स्टार्टरचे दोन बोल्ट समोरासमोर सरळ रेषेत असतात, १६८ वाल्या चौदा इंची मोठीला तिरके. गफलत झाली तर स्टार्टर नुसता किंचाळतो नाहीतर दाते खातो. त्यानं ‘२५० सिक्स’ लिहिलेलं खोकं काढलं, प्लेट माझ्या जुनीवर ठेवली. सहाही भोकं जुळली. दाते १६८. कन्व्हर्टरची भोकंही जुळली.

फक्त नव्या प्लेटवर एका बाजूला अर्धचंद्रासारखा लोखंडी तुकडा वेल्ड केलेला होता. माझ्या जुनीवर तो नव्हता.

विचारलं. त्याच्याकडे उत्तर तयार होतं. म्हणाला, सहाचा क्रँक लांब असतो, टोकाला वजन लागतं, कारखान्यातून तसंच यायचं. तुझ्या जुनीचं वजन कधीतरी गळून पडलं, म्हणूनच तर ती तडकली!

आता लाज वाटते ते सांगतो. मी सांगलीला मेकॅनिकल शिकलोय. एका ओळीतल्या सहा सिलिंडरचं इंजिन हे संतुलनाचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आहे. पहिला आणि सहावा पिस्टन जोडीनं वर-खाली होतात, तसेच दुसरा-पाचवा आणि तिसरा-चौथा. या तीन जोड्या एकमेकींपासून १२० अंशांवर. सगळ्यांचे झटके आपापसात कटतात. बाहेरून वजन लटकवायची गरजच नाही. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले आहेत. तरी त्या शेडमध्ये, हातात कॉफी असताना, ‘कारखान्यातून तसंच यायचं’ या वाक्यापुढे मी गप्प बसलो. पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर समोरच्याचे काळे हात बघून आपल्याला आपलंच ज्ञान खोटं वाटायला लागतं.

पंचाण्णव डॉलर दिले. फोनवरून, ओळखीच्या माणसाला पाठवतात त्या पर्यायानं, कारण तो म्हणाला कार्डाचे तीन टक्के कशाला उगाच.

प्लेट बसवली. क्रँकचे बोल्ट ६० फूट-पाउंडाला आवळले. कन्व्हर्टर आणि प्लेटमध्ये बोल्ट आवळण्याआधी साधारण एक-अष्टमांश इंच फट हवी, तीही तपासली, कारण फट नसेल तर कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या पंपाला आत रेटत राहतो. सगळं नीट. गाडी सुरू झाली, टक-टक गायब.

थरथर मात्र आली. जागेवर, मिनिटाला ७०० फेऱ्यांवर, किंचित, दुर्लक्ष करण्याइतकी. हायवेवर २२०० ला आरशात मागची गाडी ओळखू येईना. चाकांचं असेल म्हणावं तर गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये फक्त ॲक्सिलरेटर दाबला तरी तेच. असंतुलित वजनाचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो; फेऱ्या तिप्पट तर जोर नऊपट. अगदी तसंच वाटत होतं.

त्याला फोन केला. अजिबात न बिचकता म्हणाला, “कन्व्हर्टर गेलाय तुझा. जुने कन्व्हर्टर आतून असंतुलित होतात. माझ्याकडे दुरुस्त केलेला आहे, तुझ्यासाठी २८५.” परत गिअरबॉक्स खाली, परत वर. थरथर जशीच्या तशी. पुन्हा फोन. आता इंजिनाचे माउंट, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं ते रबरी आधार! तेही त्याच्याकडे होतेच. एव्हाना गॅरेजच्या फरशीवर दोन रंगांचे डाग पडायला लागले होते, काळा इंजिन ऑइलचा आणि लाल गिअरबॉक्सच्या तेलाचा.

माउंट घ्यायला निघणार होतो त्या रविवारी सकाळी कोल्हापूरला काकांचा फोन झाला. काकांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, आता चुलतभाऊ बघतो. ते कधी ऑटोमॅटिक गाडीत बसलेसुद्धा नाहीत. मी सगळं सांगितलं, फोटो पाठवला. बराच वेळ पलीकडून काहीच नाही. मग म्हणाले, “आरं, बसतंय म्हंजे जुळतंय असं कुणी सांगितलं तुला? त्यो तुकडा कशाला हाय त्यावर?”

दुकानदाराचं उत्तर सांगितलं. काका हसले. “आणि तुझी जुनी प्लेट पन्नास वर्षं बिनवजनाची फिरली ती? तिच्यावर वेल्ड तुटल्याची खूण हाय का?”

नव्हती. मी बघितलंच नव्हतं. वजन खरंच गळून पडलं असतं तर वेल्डचा व्रण राहिला असता ना!

मग त्यांनी एक साधी चाचणी सांगितली: ज्याच्यावर संशय आहे त्याला फिरण्यातून बाहेर काढ. गिअरबॉक्स न उतरवता खालच्या झाकणातून कन्व्हर्टरचे तीन बोल्ट काढायचे, कन्व्हर्टर मागे ढकलायचा आणि तो प्लेटला कुठंही घासत नाही हे बघून इंजिन थोडा वेळ चालवायचं. आता इंजिनासोबत फक्त प्लेट फिरते. केलं. थरथर तशीच. म्हणजे २८५ डॉलरचा कन्व्हर्टर निर्दोष होता, आणि माझा जुनाही, जो मी त्याच माणसाला ‘भंगार’ म्हणून फुकट देऊन आलो होतो.

तिसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवून प्लेट एका मशीन शॉपमध्ये नेली. तिथल्या म्हाताऱ्यानं ती यंत्रावर चढवायच्याही आधी सांगितलं, ही ४०० ची. शेव्हरोलेनं १९७० ते १९८० या काळात ४०० क्युबिक इंचांचं ‘स्मॉल ब्लॉक’ (आकारानं लहान ठोकळ्याच्या मालिकेतलं) व्ही-एट काढलं. त्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, इतका लांब की क्रँककेसच्या आत पुरेशी संतुलन वजनं बसवायला जागा उरली नाही. म्हणून उरलेलं वजन बाहेर दिलं, काही क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या डॅम्पर या चाकावर, काही मागच्या फ्लेक्सप्लेटवर. त्या इंजिनाला ते वजन हवंच. माझ्या सहाला मात्र तोच तुकडा म्हणजे धुण्याच्या मशीनमध्ये एका बाजूला गोळा झालेली ओली चादर.

ती बसली कशी? इथंच मेख आहे. या मालिकेतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनांचं आणि १९८५ पर्यंतच्या स्मॉल ब्लॉक व्ही-एटचं क्रँकवरचं बोल्टांचं वर्तुळ एकच, ३.५८ इंच. १९८६ पासून मागचं ऑइल सील एकसंध आलं, वर्तुळ ३ इंचांचं झालं. ती प्लेट या क्रँकला लागतच नाही, त्यामुळे ती गळ्यात मारता येत नाही. ४०० ची मात्र सुखानं लागते. टेप घेऊन समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजलं की वर्तुळ कळतं, ९१ मिलिमीटर की ७६. पण वर्तुळ जुळणं, दाते जुळणं, स्टार्टर जुळणं हे सगळं होऊनही प्लेट चुकीची असू शकते, हे मला माहीत असायला हवं होतं आणि दुकानदाराला माहीत होतं.

फोर्डवाल्यांनी हसू नये. मंडळातल्या एका मित्राच्या मॅव्हरिकमध्ये फोर्डचं २५० सिक्स आहे. ३०२ व्ही-एटच्या प्लेटा बाहेरच्या वजनाच्या असतात, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत २८ औंस-इंच (असंतुलन मोजायचं माप: वजन गुणिले मध्यापासूनचं अंतर), त्यानंतर ५०. सहाला हवं शून्य. मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो २८ वाली प्लेट घ्यायच्या बेतात होता, ‘पन्नासपेक्षा कमीच आहे की’ म्हणून.

पैशांचं काय झालं? दुकानदाराचं उत्तर: एकदा बोल्ट लावला की पार्ट परत नाही. बिल काढून बघितलं तर त्यावर लिहिलं होतं ‘फ्लेक्सप्लेट, जीएम, वापरलेली’. जीएम म्हणजे जनरल मोटर्स, शेव्हरोलेची मूळ कंपनी. २५० हा आकडा खोक्यावर होता, बिलावर नव्हता. खोकं त्यानं ठेवून घेतलं होतं! पंचाण्णव डॉलर पाठवलेल्या पद्धतीत खरेदीदाराला संरक्षण नसतं. कन्व्हर्टरचे पैसे कार्डानं दिले होते, बँकेत तक्रार केली, पण कन्व्हर्टर सांगितला तोच आणि चालू स्थितीत, तेव्हा तक्रार टिकली नाही. स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, जायचा विचार केला. पुरावा म्हणून काय दाखवणार, मला आठवणारं खोकं?

ती प्लेट आणि कन्व्हर्टर सोडून उरलेले पैसे नवी बिनवजनाची प्लेट, क्रँकचं मागचं सील, गिअरबॉक्सच्या पंपाचं बुशिंग, पुढचं सील आणि तेल यांत गेले. आता आरशात गाड्या स्पष्ट दिसतात.

जुना पार्ट कुणाकडून घेणार असाल तर बिलावर इंजिनाचा आकडा आणि ‘संतुलन शून्य’ हे दोन शब्द लिहून मागा. तो कां-कूं करू लागला तर कॉफी संपवा आणि निघा. आणि जुना पार्ट हातातून सोडू नका, तो तुमचा साक्षीदार असतो.

मशीन शॉपवाला वजन कापून प्लेट शून्यावर आणून द्यायला तयार होता. मी नको म्हटलं. ती गॅरेजच्या भिंतीवर मधल्या भोकातून खिळ्याला अडकवली आहे. मुलगा येता-जाता तिला गरकन फिरवतो. ती डुलते, रेंगाळते आणि दर वेळी तो तुकडा खाली येऊनच थांबते.